रोमच्या लढाया आणि शेजाऱ्यांचे शिपाई

रोमनें कार्थेज पाडलें, मॅसिडोनिया जिंकला, असें आपण सहज लिहितों. पण या वाक्यांतील 'रोम' म्हणजे कोण, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. इ. स. पू. तिसऱ्या व दुसऱ्या शतकांत रोमच्या फौजेंतील निम्मे, कधीं त्याहून अधिक, शिपाई रोमचे नागरिक नसत. लॅटिन, सॅम्नाईट, मार्सी, पेलिग्नी अशा शेजारच्या लोकांचीं तीं पथकें असत. रोमची मागणी येतांच तीं हजर करावीं लागत; धान्य रोम देई, पगार मात्र ज्याच्या त्याच्या गांवानें भरावयाचा. लढाई संपली म्हणजे सेनापति रोमन, वृत्तांत रोमन आणि यशहि रोमन.

तेव्हां या शेजाऱ्यांचा वांटा मोजावयाचा कोणत्या साधनांवरून? पहिलें साधन पॉलिबियसाचें. इ. स. पू. २२५ मध्यें गॉल लोक चालून आले तेव्हां रोमनें मित्रलोकांकडून लढण्याजोग्या पुरुषांच्या याद्या मागविल्या. त्यांचा गोषवारा त्यानें दिला आहे. लॅटिन ८०,००० पायदळ व ५,००० स्वार. सॅम्नाईट ७०,००० व ७,०००. लुकेनियन ३०,००० व ३,०००. मार्सी व त्यांचे तीन शेजारी मिळून २०,००० व ४,०००. हे आंकडे कथेकऱ्याच्या तोंडचे नव्हेत, दप्तरांतले आहेत, हें त्यांच्या रूपावरूनच दिसतें. आयापिजियन व मेसापियन यांचे ५०,००० पायदळास १६,००० स्वार मात्र संशयास्पद वाटतात.

त्याच ठिकाणीं दोन्ही कॉन्सलांबरोबर रोमन पायदळ २०,८०० आणि मित्रांचें ३०,००० होतें असें तो सांगतो. पुढें सहाव्या पुस्तकांत मात्र तोच लिहितो कीं, मित्रांचें पायदळ रोमनांच्या बरोबरीचें आणि घोडदळ तिप्पट असे. व्हेलियस पाटर्क्युलस तर मित्र दुप्पट माणसें देत असें म्हणतो. यांत खरें कोणतें? आमच्या मतें पॉलिबियसाचें सहावें पुस्तक छावणीच्या आंखणीचा नमुना देतें, एखाद्या सालची हजेरी नव्हे. व्हेलियसाचें वाक्य ही बंडखोर मित्रांची फिर्याद आहे, व फिर्यादीचा आंकडा तपासूनच घ्यावा लागतो. तरी त्याचा पूर्वज एक्लानमचा मिनेशियस मेजियस बंडांत रोमच्याच बाजूनें लढला होता. बंडखोरांचें पारडें जड करण्याचें व्हेलियसास घरचें कारण नव्हतें, म्हणून ही साक्ष अगदींच टाकून देतां येत नाहीं.

लिव्हीस सर्वस्वीं दोष देणें अन्यायाचें होईल. इ. स. पू. २०९ मध्यें, हॅनिबल इटलींत असतांना, तीस लॅटिन वसाहतींपैकीं बारांनीं माणसें व पैसा देण्याचें नाकारलें, ही गोष्ट त्यानें नांवनिशीवार नोंदली आहे. उरलेल्या अठरांच्या वतीनें निष्ठेची ग्वाही देणारा फ्रेजेल्लीचा मार्कस सेक्स्टिलियस हाहि त्याच्यामुळेंच ठाऊक. पण तेंच फ्रेजेल्ली इ. स. पू. १२५ मध्यें उठलें आणि रोमच्या ओपिमियसानें तें उध्वस्त केलें. लिव्हीचें त्या काळचें पुस्तक नष्ट झालें असून केवळ सारांश उरला आहे. शहर गेलें, आणि त्याच्या नाशाची हकीकतहि गेली.

पिड्नाच्या लढाईचें (इ. स. पू. १६८) तसेंच. मॅसिडोनियन भाल्यांची भिंत फुटेना, तेव्हां पेलिग्नींचा नायक सॅल्व्हियस यानें आपलें निशाण शत्रूंत फेंकलें व त्याचे लोक तें सोडविण्यास तुटून पडले. हें आपणांस प्लूटार्क सांगतो. लिव्हीचीं ४१ ते ४५ हीं पुस्तकें एकाच पोथीनें, आज व्हिएन्नांत असलेल्या पांचव्या शतकांतील पोथीनें, वांचविलीं; तिच्यांत नेमकें या लढाईचें वर्णन खंडित आहे. एका पोथीच्या गहाळ पानांवर एका लोकाचें श्रेय कसें अडतें, हें हस्तलिखितें जमविणारांस सांगावयास नको. याच पेलिग्नींचें कॉर्फिनियम इ. स. पू. ९१ च्या बंडाची राजधानी झालें. त्या बंडाच्या कांहीं नाण्यांवर इटलीचा बैल रोमच्या लांडगीस तुडवितांना दाखविला आहे.

ग्रंथांपेक्षां आम्ही अधिक भर देतों तो रोममध्यें सांपडलेल्या कांस्यपटावर. इ. स. पू. ८९ मध्यें अ‍ॅस्क्युलमच्या वेढ्यांत नेयस पॉम्पियस स्ट्रेबो यानें तीस स्पॅनिश स्वारांस शौर्याबद्दल रोमचें नागरिकत्व दिलें, त्याची ही अस्सल सनद. सल्लागारांचीं नांवें तींत क्रमानें कोरलीं आहेत, त्यांत सेनापतीचा मुलगा, पुढें प्रसिद्धीस आलेला पॉम्पी, हाहि आहे. दानपत्रांवरील साक्षीदारांचीं नांवें वाचण्याची संवय असणारांस हा भाग ओळखीचा वाटेल. शेजारच्या इटालियनांनीं जें पिढ्यान्‌पिढ्या मागितलें व ज्यासाठीं शेवटीं शस्त्र धरलें, तें दूरच्या स्पेनच्या स्वारांस त्याच शेजाऱ्यांना वठणीवर आणण्याबद्दल मिळालें. शिवाय गळपट्टे, कडीं व दुप्पट धान्य.

स्वार गांवागांवांनुसार मांडले असून प्रत्येकाच्या बापाचें नांव दिलें आहे. इलेर्डाच्या तिघांचीं नांवें तेवढीं रोमन आहेत : ओटासिलियस, कॉर्नेलियस, फॅबियस. त्यांच्या बापांचीं नांवें सुइसेटार्टेन, नेसिल्ले आणि एनासागिन.