हात बसतो, पण डोळ्याचं काय?

आजचा प्रश्न साधा आहे. रोज स्केच काढलं की चित्रकला सुधारते का? बहुतेकांचं उत्तर तयार असतं : सुधारतेच, वही घ्या, रोज एक पान भरा, हात आपोआप बसेल. या 'आपोआप'कडे आम्हाला जरा संशयानं पाहायचं आहे. त्यासाठी जॉन रस्किन यांचं 'द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग' हे पुस्तक आपण समोर ठेवू. ते १८५७ सालचं, म्हणजे मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली त्याच वर्षीचं.

पुस्तकात नवशिक्याला लिहिलेली तीन पत्रं आहेत. त्या काळात रस्किन लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजात कामगारांना चित्रकला शिकवत होते. त्यामुळे बोलणं थेट, शिक्षकाचं आहे. ते हिशेबही देतात : रोज एक तास सहा महिने, किंवा दिवसाआड एक तास वर्षभर, एकूण सुमारे १५० तास. एवढ्यात समोरची वस्तू प्रामाणिकपणे काढता येईल. पहिला धडा काय, तर एक चौकोन पेनाच्या बारीक रेघांनी असा भरायचा की सगळीकडे सारखी छटा दिसली पाहिजे. पुढे ते सांगतात, रस्त्यावरचा एखादा गोल दगड उचलून आणा आणि तो काढा. दगड जमला तर काढता येण्यासारखं सगळं जमेल.

आता गंमत बघा. तासांचा हिशेब देणाऱ्या या माणसाला हातापेक्षा डोळा महत्त्वाचा वाटतो. चित्र काढायचं ते नीट पाहता यावं म्हणून. हे या पुस्तकाचं मोठेपण आहे. पण पुढे ते मागतात निरागस डोळा : आंधळ्याला अचानक दृष्टी यावी तसं, वस्तू काय आहे हे विसरून नुसते रंगाचे डाग पाहणारा. इथे आम्ही अडतो. अर्न्स्ट गॉम्ब्रिख यांनी १९६० च्या 'आर्ट अँड इल्यूजन'मध्ये असा डोळा नसतोच, हे दाखवलं. माणूस आधी साचा घेऊन येतो, मग समोर पाहून तो दुरुस्त करत जातो.

हे पटवायला लांब जायला नको. मुलाला म्हणा, निसर्गचित्र काढ. तीन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, झोपडी, नारळाचं झाड आणि मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. ज्याच्या गावात नारळ नाही तो विदर्भातला मुलगाही नारळच काढतो! आता हे चित्र त्यानं वर्षभर रोज काढलं तर? तेच चित्र, फक्त जास्त सफाईनं. सवय झाली, हात बसला, पण पाहणं झालंच नाही. याला आपण गिरवणं म्हणतो.

साचा किती चिवट असतो, याचं उदाहरण खुद्द रस्किनच आहेत. १८५८ च्या व्याख्यानात, जे पुढे 'द टू पाथ्स'मध्ये छापलं गेलं, त्यांनी ठोकून दिलं की भारतीय कला निसर्गातली वस्तुस्थिती कधी चितारतच नाही. त्या बोलण्यामागे १८५७ च्या उठावाचा राग होता. ते भारतात कधी आले नाहीत. अजिंठ्याच्या भिंतींवरचे हत्ती नि हंस तेव्हाही तिथेच होते. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे.चे विद्यार्थी त्यांच्या प्रतिकृती करू लागले. निरागस डोळा मागणाऱ्यानं न पाहताच निकाल दिला.

म्हणून पुस्तक फेकून द्यायचं का? मुळीच नाही. औषध त्यातच आहे : तो दगड. दगडाचा साचा आपल्याकडे तयार नसतो, म्हणून दर वेळी मान वर करून पाहावंच लागतं.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, अभ्यास. पतंजलींनी तो मनाच्या संदर्भात वापरला, पण त्यांच्या अटी इथेही लागू पडतात. अभ्यास पक्का व्हायला तीन गोष्टी लागतात : दीर्घ काळ, सातत्य आणि आदर. रोज एक पान ही शिस्त पहिल्या दोन अटी पुऱ्या करते. तिसरी पानं मोजून कळत नाही. समोरची वस्तू आपल्या साच्यापेक्षा मोठी आहे, ती आपल्याला खोटं ठरवू शकते, हे मान्य करणं म्हणजे आदर.

तेव्हा आमची सूचना एवढीच. रोज नवी वस्तू शोधू नका. एकच वस्तू, घरातला तांब्या म्हणा, आठवडाभर काढा. पानावर तारीख घाला. दुसऱ्या दिवशी कालचं चित्र तांब्याशेजारी ठेवा आणि कुठे चुकलं ते एका ओळीत लिहा : काठ जास्त गोल झाला, सावली उलट पडली. मग नवं चित्र काढा. मुलांच्या वह्या बघतानाही 'किती पानं झाली?' असं विचारू नका. 'आज काय वेगळं दिसलं?' असं विचारा. त्याला उत्तर असेल, तर त्या दिवशीचा अभ्यास झाला.