शिकारी बंदुकीचा धक्का : मापाची साक्ष व मनाची साक्ष

जुन्या शिकारकथांस इतिहासाचें साधन म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न जुनीं शस्त्रें व जुने कागद जमविणाऱ्या मंडळींत वारंवार निघतो. त्यांतही बंदुकीच्या धक्क्याचें वर्णन म्हटलें म्हणजे शिकाऱ्यानें फुगवून सांगितलेली गोष्ट, असा सर्वसाधारण समज आहे. फ्रेडरिक सेलूस याचा आफ्रिकेंतील भटकंतीचा ग्रंथ (सन 1881) व सॅम्युअल बेकर याचा वन्य पशूंविषयींचा ग्रंथ (सन 1890) शेजारीं शेजारीं ठेवून हा समज कितपत टिकतो, तें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम मापाची साक्ष घेऊं. गोळी व दारूचा वायु यांस पुढें जो संवेग मिळतो, तेवढाच बंदुकीस मागें मिळतो. म्हणून बार सारखा असतां हलकी बंदूक अधिक वेगानें मागें येते, व धक्क्याची शक्ति वजनाच्या व्यस्त प्रमाणांत वाढते. बंदूक टांगून तिचा झोका मोजण्याचे प्रयोग बेंजामिन थॉम्प्सन यानें सन 1781 मध्येंच प्रसिद्ध केले होते. तेव्हां हा विषय केवळ अंदाजाचा नाहीं. ब्रिस्टलच्या गिब्जकडून बेकरनें सन 1840 मध्यें करवून घेतलेली बंदूक 21 पौंडांची. तिची लांबट गोळी 4 औंसांची व दारू 16 ड्रॅम. सेलूसची गुळगुळीत नळीची बंदूक सुमारें 13 पौंडांची. गोळी तितक्याच वजनाची, पण दारू 20 ड्रॅमपर्यंत. दारूचा फरक बाजूस ठेवला तरी केवळ वजनामुळें सेलूसच्या खांद्यावर दीडपटीहून अधिक शक्तीचा धक्का येणार. बेकरनें आपल्या बंदुकीची स्तुति करावी व सेलूसनें आपलीविषयीं कुरकुर करावी, यांत खोटें कोणाचेंच नाहीं.

परंतु धक्का किती लागला, हें आंकडा पुरतेपणीं सांगत नाहीं. दस्त्याची मागील बाजू अरुंद असली, तो खांद्यास घट्ट लावला नसला, आवाज कानठळ्या बसविणारा असला, तर तोच धक्का अधिक झोंबतो. हत्ती समोर आला असतां जो बार जाणवतही नाहीं, तोच निवांतपणें निशाणावर काढतांना असह्य होतो. बेकरजवळ अर्ध्या पौंडाचा गोळा टाकणारी ‘बेबी’ नांवाची दुसरी बंदूक होती. तिच्या बारानें आपण कसे गरगर फिरलों, हें तो विनोदानें सांगतो. त्या विनोदास माप समजणें हा वाचकाचा दोष होय.

सेलूसच्या ग्रंथांतील एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. बार उडाला नाहीं. नोकरानें पहिला बार न काढतां त्यावर दुसरा भरला. पुढें बंदूक उडाली तेव्हां सेलूस उचलला जाऊन आपटला व बंदूक दूर फेंकली गेली. हा प्रसंग शौर्यकथा म्हणून सांगणारे त्याच ग्रंथांतील दुसरी कबुली मात्र वगळतात, ही आमची तक्रार आहे. या बंदुकांच्या माऱ्यानें आपले मज्जातंतु बिघडले, नेम कायमचा ढळला व त्या हातीं धरल्याचा आपणांस पश्चात्ताप होतो, असें तो स्वतः लिहितो. आमच्या मतें हीच कबुली अधिक मोलाची आहे. खरा धक्का क्षणांत संपतो. आठवणींतला धक्का पुढच्या बाराच्या आधींच येतो. डोळा मिटतो, बोट आचका देतें, नळी हालते.

दुःख हा मनाच्या प्रत्यक्षाचा विषय, असें नैयायिक मानतात. स्वतःच्या दुःखाविषयीं सेलूस आप्त आहे. बंदुकीच्या शक्तीविषयीं मात्र त्याचा शब्द तोलून घेतला पाहिजे. उलट, आंकड्यासही मर्यादा आहे: तो चामडी पिशवींतून दारू मुठीनें घेई, तेव्हां 20 ड्रॅम हें माप प्रत्येक बारास तंतोतंत लागू पडणें शक्य नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, जुन्या बंदुकीची नोंद करतांना वजन, नळीचा व्यास व दस्त्याची ठेवण लिहावी, आणि ती वापरणाराचे शब्द निराळ्या रकान्यांत लिहावे. एकानें दुसऱ्यास खोडूं नये. दोन्ही साक्षी जपाव्या.