शेवटच्या पानावरचा डॉक्टर

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतील एकांकिका पाहताना एक आकृतिबंध पुन्हापुन्हा समोर येतो. पडदा उघडतो तेव्हा एक माणूस स्वतःच्याच घरात परका ठरलेला असतो. बायको त्याला ओळखत नाही. त्याच्या नावाने दुसराच कोणी पाटावर जेवायला बसलेला असतो. भिंतीवरचे घड्याळ उलटे चालत असते. चाळीसएक मिनिटे हा खेळ रंगतो. मग पांढरा कोट घातलेले एक पात्र प्रवेश करते आणि हे सारे एका मनोरुग्णाच्या डोक्यात घडत होते असा खुलासा होतो. टाळ्या पडतात. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या तालमी जवळून पाहताना आणि अधूनमधून परीक्षकाच्या खुर्चीत बसताना हा कोट मी इतक्या वेळा पाहिला आहे की, तो नेपथ्याच्या सामानातच कायमचा ठेवलेला असावा अशी शंका येते.

प्रश्न केवळ साचेबंदपणाचा असता तर त्यासाठी लेख लिहिण्याचे कारण नव्हते. अतिवास्तव रचनेत नाटक आणि प्रेक्षक यांच्यात एक अलिखित करार असतो. येथे व्यवहारातील कार्यकारणभाव चालणार नाही, हे प्रेक्षकाने मान्य केलेले असते. आणि त्या बदल्यात व्यवहारात झाकून राहिलेले काही त्याला दिसावे, अशी त्याची अपेक्षा असते. डॉक्टर येताच हा करार एकतर्फी मोडतो. फसवणूक हा ज्या एकांकिकेचा विषय, तीच प्रेक्षकाला फसवून मोकळी होते. ‘मी तोच कशावरून?’ हा प्रश्न तोवर सभागृहातल्या प्रत्येकाचा होता. तो आता एका रुग्णाच्या केसपेपरवर जातो आणि बाकीचे सुटतात. रुग्ण मात्र सुटत नाही. तो माणूस म्हणून रंगमंचावर कधी आलेलाच नसतो. तो एक युक्ती असतो.

मानसिक आजाराचा कारणशोध नाटकाला वर्ज्य आहे, असे मला म्हणायचे नाही. वसंत कानेटकरांचे ‘वेड्याचं घर उन्हात’ (१९५७) हे नाटक भ्रमिष्टपणाची मुळे भूतकाळात शोधते. परंतु ते पहिल्या अंकापासून मनोविश्लेषणाच्या वाटेनेच चालते. तेथे खुलासा हेच नाटक आहे. आपल्या स्पर्धकांना हवे असते दोन्ही: अतिवास्तवाची मोकळीक आणि वास्तववादाचे प्रमाणपत्र.

अतिवास्तववादाचा उगमच मनोरुग्णालयाच्या आसपास झाला, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. आंद्रे ब्रेतां हा वैद्यकाचा विद्यार्थी पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, सँ-दिझिए येथील मानसोपचार केंद्रात काम करीत होता. तेथील सैनिकांचे बोलणे त्याला लक्षण म्हणून नव्हे, तर भाषा म्हणून ऐकू आले. १९२४ च्या जाहीरनाम्यामागे ते ऐकणे आहे. आमच्या एकांकिका या प्रवासाची दिशा उलटी करतात: भाषेपासून निघून लक्षणापाशी येऊन थांबतात. (ब्रेतांवरही आक्षेप घेता येतो. ‘नाद्जा’ (१९२८) या पुस्तकातील स्त्री रुग्णालयात गेल्यावर तो तिच्याजवळ फारसा राहिला नाही.)

मराठीत या संदर्भात महेश एलकुंचवारांचे ‘प्रतिबिंब’ (१९८७) पुन्हा वाचावे. स्पर्धेच्या तासाभराच्या चौकटीतील ती एकांकिका नव्हे. पण एकांकिका लिहू पाहणाऱ्याने तिच्यापासून शिकावे असे पुष्कळ आहे. भाड्याने राहणाऱ्या ‘तो’ला एके दिवशी उठल्यावर आरशात आपले प्रतिबिंब दिसेनासे होते. त्याला नाव नाही. भोवतालची पात्रेही बाई, ब्लॉकहेड, मुलगी एवढीच. घटना अशक्य आहे, परंतु नाटक तिचे कारण देत नाही. महत्त्वाचे म्हणजे ‘तो’ला भास होत आहे, ही पळवाट लेखक प्रेक्षकाला घेऊ देत नाही. घरमालकीण बाई हादरण्याऐवजी उत्साहित होते. या विनोदातच नाटकाची खरी भीती आहे: माणूस नाहीसा झाल्याचे दुःख कोणाला नाही, त्या घटनेचा उपयोग काय, एवढेच सर्वांना पाहायचे आहे. येथे पांढरा कोट आला असता तर शहरावर ठेवलेला आरोप त्या क्षणी मागे घेतला गेला असता.

याहून मागे गेले तर दिवाकरांच्या नाट्यछटा आहेत. एकच माणूस बोलतो. समोरच्यांचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही. दिसत नसलेल्या माणसांशी बोलणारे हे पात्र स्वतःलाच कसे फसवीत आहे, ते त्याच्याच वाक्यांतून उघडे पडते. त्यासाठी दिवाकरांना दुसरे पात्र लागले नाही, मग वैद्य तर दूरच.

आमच्या जिल्ह्याच्या संदर्भात आणखी एक गोष्ट आठवते. १९३६ मध्ये मेहेरबाबांनी राहुरी येथे वेड्यांसाठी आश्रम काढला होता. तेथे ते या माणसांना स्वतः आंघोळ घालीत. आजाराने भ्रमिष्ट झालेला माणूस आणि ईश्वरी उन्मादात हरवलेला ‘मस्त’ यांत ते भेद करीत. या भेदामागील श्रद्धा मान्य करण्या-न करण्याचा येथे प्रश्न नाही. मला जाणवते ते एवढेच, की वेडा, पिसा, खुळा, भ्रमिष्ट, अवलिया असे निरनिराळे शब्द वापरणाऱ्या समाजाने वेडाकडे निदान निरखून पाहिले होते. राहुरीपासून तासाभराच्या अंतरावर तालीम करणाऱ्या मुलांच्या संहितेत मात्र एकच शब्द असतो: ‘पेशंट’.

काही वर्षांपूर्वी अशाच एका संहितेतील शेवटचे पान काढून टाका, असे मी सुचविले. दिग्दर्शक विद्यार्थी म्हणाला, ‘‘सर, मग परीक्षकांना कळणार नाही.’’ प्रमुख भूमिका करणारा मुलगा तेव्हा गप्प होता. दुसऱ्या दिवशी तो एकटाच भेटायला आला. त्याची आत्या अनेक वर्षे आजारी होती. ती घरातल्या प्रत्येकाला अधूनमधून ‘तू तो नव्हेस’ म्हणते; आणि तिला बरे वाटावे म्हणून घरचे खोटे बोलतात, दुसऱ्याच्या नावाने तिच्यासमोर उभे राहतात. ‘‘आमच्याकडे डॉक्टर येतात, सर,’’ तो म्हणाला, ‘‘चहा घेऊन जातात. नंतर रात्री परत मलाच काका व्हावं लागतं.’’

ओळख, बतावणी, आजार हे सारे त्याच्या या दोन वाक्यांत होते; संहितेत त्यातले काहीच नव्हते. हे लिहून काढ, असे मी म्हणालो. त्याने मान हलवली. घरचे वाचतील, म्हणाला. स्पर्धेत एकांकिका डॉक्टरसह सादर झाली आणि त्या मुलाला अभिनयाचे उत्तेजनार्थ पारितोषिक मिळाले.