विलंबाचा धूर : ‘स्मोकपिंग’ या निरीक्षणसाधनाचे परीक्षण

जाळ्यातून एका सेकंदात किती माहिती वाहून नेली जाते हा एक प्रश्न, आणि पाठविलेल्या संदेशाचे उत्तर परत येण्यास किती वेळ लागतो हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाचा विषय म्हणजे विलंब होय. लिनक्स सर्व्हरवर विलंबाची नित्य नोंद ठेवण्याची व्यवस्था उभारणे हे वरवर पाहता निव्वळ कारागिरीचे काम वाटते. परंतु कोणती नोंद राखावयाची आणि कोणती विसरावयाची, याचा निर्णय त्या कारागिरीतच गुंतलेला असतो. टोबियास ओटिकर यांच्या ‘स्मोकपिंग’ या सुपरिचित साधनाचे परीक्षण या दृष्टीने करणे अगत्याचे आहे.

या साधनाचे पूर्वज दोन. पहिला, माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिलेला ‘पिंग’ हा छोटा प्रोग्राम. दूरस्थ यंत्राला पृच्छा पाठवावी, तिचे उत्तर यावे आणि मधला काळ मोजावा, एवढेच त्याचे कार्य. दुसरा पूर्वज म्हणजे ओटिकर यांचेच १९९९ मधील ‘आरआरडीटूल’. यात ठराविक आकाराची फाइल आरंभीच आखली जाते. ती भरली की जुन्या नोंदींच्या जागी नव्या नोंदी बसतात, आणि फाइल कधीही वाढत नाही. या दोहोंच्या संयोगातून २००१ च्या सुमारास ‘स्मोकपिंग’ आकारास आले.

त्याची मूळ कल्पना निःसंशय मौलिक आहे. नेहमीच्या मांडणीत दर ३०० सेकंदांनी प्रत्येक लक्ष्याकडे २० पृच्छा पाठविल्या जातात. त्यांची उत्तरे चढत्या क्रमाने लावून मधल्या मूल्याची, म्हणजे मध्यकाची, रेघ आलेखावर काढली जाते. आणि उरलेल्या मूल्यांचा विस्तार त्या रेघेभोवती करड्या छटांत दाखविला जातो. हाच तो ‘धूर’. किती पृच्छा निरुत्तर राहिल्या, हे रेघेच्या रंगावरून कळते.

या योजनेचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका मार्गावर वीसही उत्तरे ४० मिलिसेकंदांत आली. दुसऱ्यावर अठरा उत्तरे २० मिलिसेकंदांत आणि दोन २२० मिलिसेकंदांत आली. दोहोंची सरासरी ४० च आहे. मध्यक पाहिला तर दुसरा मार्ग दुपटीने सरस ठरतो. वस्तुतः ध्वनिसंभाषणासाठी पहिला मार्ग उत्तम, तर दुसरा त्रासदायक होय. हा भेद सरासरी सांगत नाही, मध्यकही सांगत नाही. तो केवळ धूर सांगतो. प्रकाशतंतूतून संकेत एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो, म्हणजे १००० किलोमीटरच्या जाण्यायेण्यास १० मिलिसेकंद लागणे अटळ आहे. हा अटळ भाग स्थिर असतो. वाटेतील यंत्रांपुढे पॅकेटांच्या रांगा लागल्या की जो भाग वाढतो, तोच मुख्यतः धुराच्या रूपाने दिसतो. ‘स्मोकपिंग’चे श्रेय असे की, एका आकड्याच्या मोहातून त्याने निरीक्षकाला सोडविले.

मात्र हे श्रेय त्याच्याच दप्तरात हळूहळू लोप पावते, आणि साधनावरील मुख्य आक्षेप येथेच आहे. पुष्कळ वर्षे प्रचलित असलेल्या नमुना-मांडणीत पाच मिनिटांच्या मूळ नोंदी १००८ इतक्याच ठेवल्या जातात; म्हणजे अवघे साडेतीन दिवस. त्यानंतर बारा नोंदींची मिळून एक, आणि पुढे १४४ नोंदींची मिळून एक नोंद उरते. हे संक्षेपण सरासरीने होते. एका तासातील अकरा वाचनांत सर्वांत मोठे मूल्य २० मिलिसेकंद आणि एका वाचनात ३८० मिलिसेकंद असेल, तर तासाच्या नोंदीत ते ५० होते. उरलेल्या सर्व वाचनांत २० च असेल, तर बारा तासांच्या नोंदीत ते २२.५ वर येते. तीव्र खंड म्हणून जो अनुभवास आला, तो सहा महिन्यांनी दप्तरात जवळजवळ सपाट रेघ होऊन राहतो. दुरून डोंगर साजरे दिसतात, ते असे. कमाल व किमान मूल्यांचे वेगळे कप्पे या मांडणीत आहेत हे खरे. पण धूर काढला जातो तो सरासरीच्या कप्प्यांतून.

याचे समर्थन जागेच्या काटकसरीने करण्यात येते. १९९९ मध्ये ते रास्त होते. आज हिशेब करून पाहावा. वीस पृच्छांची वीस मूल्ये आणि आणखी तीन, अशी २३ मूल्ये, प्रत्येकी ८ बाइट. वर्षात पाच मिनिटांची वाचने १,०५,१२०. गुणाकार सुमारे १ कोटी ९३ लाख बाइट येतो. म्हणजे एका लक्ष्याची वर्षभराची अक्षत नोंद २० मेगाबाइटांतही मावते. तेव्हा विस्मरण ही आता गरज नसून केवळ वहिवाट आहे. फाइलची रचना आरंभीच ठरत असल्याने आणि पुढे पृच्छांची संख्या वा वाचनांतील अंतर बदलल्यास जुनी फाइल निरुपयोगी होत असल्याने, हा विचार उभारणीच्या पहिल्याच दिवशी व्हावयास हवा. हरवलेला तपशील मागाहून कोणत्याही युक्तीने परत मिळत नाही.

दुसरा आक्षेप निरुत्तर पृच्छांविषयी आहे. धूर हा परत आलेल्या उत्तरांचाच असतो. रांग ओसंडून पॅकेटे टाकून दिली जाऊ लागली की जी सर्वाधिक रखडली असती तीच गणतीतून गळतात, आणि उरलेल्यांचा विलंब सुसह्य दिसू शकतो. म्हणून रेघेचा रंग न पाहता केवळ धूर वाचणारा निरीक्षक फसण्याचा संभव आहे.

तिसरा आक्षेप पृच्छेच्या स्वरूपाचा. पिंगला उत्तर देणे हे वाटेतील राउटरचे मुख्य काम नव्हे. पुष्कळ राउटर अशा उत्तरांवर मर्यादा घालतात. त्यामुळे राउटरचे उत्तर उशिरा आले, एवढ्यावरून त्याच्यातून जाणारी वाहतूकही रखडली असे सिद्ध होत नाही. यावर उपाय साधनातच आहे. डीएनएस, एचटीटीपी व टीसीपी यांच्याद्वारे पृच्छा करण्याची सोय त्यात असून, ज्या सेवेची चिंता आहे तिलाच लक्ष्य करणे इष्ट. शिवाय लिनक्सचे कर्नल प्रत्येक टीसीपी जोडणीचा विलंब व त्यातील चढउतार स्वतःच राखून ठेवते आणि ‘एसएस’ या आज्ञेने ते पाहता येतात. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये पुनःप्रेषणाची मुदत सरासरीबरोबरच विचलनावरही बेतावी असे दाखविले. जाळ्याच्या गाभ्यानेच जे तत्त्व स्वीकारले, ते निरीक्षकाने दप्तरात सोडून द्यावे, हे विसंगत होय.

या चर्चेचे प्रयोजन केवळ तात्त्विक नाही. सर्व्हर सांभाळणारा आणि जोडणी पुरविणारा यांच्यात वाद उद्भवला की पुरावा म्हणून याच दप्तराकडे बोट दाखविले जाते. महिन्याची सरासरी उत्तम आहे, असे पुरविणाऱ्याने म्हणावे आणि रोज सायंकाळी तासभर अडखळणाऱ्या वापरकर्त्याची तक्रार निराधार ठरावी, हा अन्याय संक्षेपणाच्या एका ओळीतून घडू शकतो. त्यासाठी सर्वांत जवळच्या गेटवेपासून दूरस्थ सेवेपर्यंत तीन-चार लक्ष्ये निवडावीत, म्हणजे दोष घरचा की बाहेरचा हे ओळखता येते. आणि मूळ वाचने वादाची मुदत उलटेपर्यंत तरी जपावीत.

धुरावरून अग्नीचे अनुमान करणे न्यायशास्त्रास मान्य आहे. पण तापलेल्या लोहगोलात अग्नी असून धूर नसतो, हेही त्याच शास्त्राने शिकविले. जुन्या आलेखात धूर नाही, म्हणून त्या दिवशी विलंबही नव्हता, हे अनुमान त्याच दोषास पात्र आहे. ‘स्मोकपिंग’ने विलंबाचा विस्तार दृश्य केला, ही त्याची सेवा मोठी, तो विस्तार किती काळ दृश्य राहावा, हे ठरविण्याची जबाबदारी मात्र साधन उभारणाऱ्याची आहे.