सिंदखेडचा राजवाडा

महाराष्ट्र राज्याच्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथील जाधवराव घराण्याचा इतिहासप्रसिद्ध वाडा. लखुजी जाधवरावांची कन्या व छत्रपती शिवाजी महाराजांच्या मातोश्री जिजाबाई यांचा जन्म परंपरेनुसार येथे १२ जानेवारी १५९८ रोजी झाला.

वास्तूचे उंच व भक्कम प्रवेशद्वार आजही लक्ष वेधते. आतील भागात मात्र तळघरे, जोती व भिंतींचे अवशेष हीच मुख्य सामग्री उरली आहे. जन्मस्थान म्हणून दाखविला जाणारा भाग म्हाळसा महाल या नावाने ओळखला जातो. दर्शनी भाग भव्य आणि निवासाचा भाग लुप्त, अशा स्थितीत वाड्याच्या मूळ रचनेविषयी ठाम विधाने करणे धाडसाचे ठरते. प्रवेशद्वारावरून सत्ताधीशाचा दरारा कळतो. घरातील जीवन कळत नाही. त्यामुळे वाड्याचा विचार लखुजींची समाधी, नीलकंठेश्वर मंदिर, काळाकोट व मोती तलाव यांच्यासह करावयास हवा. विटांची घुमटयुक्त समाधी दख्खनी सुलतानी वास्तुशैली मराठा सरदारांनी किती सहज आत्मसात केली होती हे दर्शविते, तर तलावाच्या बांधणीवरून सत्तेची पाण्याविषयीची जाण प्रत्ययास येते.

वाड्याच्या स्वामित्वाचा इतिहास राजकीय उलथापालथींशी निगडित आहे. निजामशाहीच्या सेवेतील लखुजी काही काळ मोगलांकडे गेले; ते परतल्यानंतर १६२९ मध्ये देवगिरी येथे निजामशाही दरबारात त्यांची पुत्रांसह हत्या झाली. पुढे याच परिसरातील साखरखेर्डा येथे १७२४ मध्ये निजामुल्मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला. मुबारिजखान मारला गेला, दख्खनमध्ये आसफजाही सत्ता दृढ झाली आणि गावास फत्तेखेर्डा हे नाव मिळाले. १७५७ मध्ये निजामाचा सरदार रामचंद्र जाधव सिंदखेड येथे पेशव्यांच्या फौजेच्या वेढ्यात सापडला. १८५१ मध्ये घराण्याचे प्रमुख बाजीराव जाधव यांच्या अरब सैनिकांनी निजामाच्या फौजेशी सामना केला. त्यानंतर त्यांची वंशपरंपरागत मालमत्ता जप्त झाली व १८५६ मध्ये ते राजबंदी म्हणून मरण पावले. दरम्यान १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले होते.

या संदर्भात जर्मनीतील जमीनदारी वाड्यांशी तुलना उद्‌बोधक ठरते. प्रशियात १८०७ च्या आज्ञेनंतर सरदारी जमिनी सामान्य नागरिकही विकत घेऊ शकत. त्यामुळे तेथे वाड्याचे मालक बदलले, तरी वास्तू नव्या धन्याच्या उपयोगात राहू शकली. सिंदखेडला वैभवाचा आधार जहागीर व वतन हा होता. तो राजकृपेवर अवलंबून असल्याने तो तुटताच वास्तूच्या निगेचे साधनही संपले. केवळ काळाच्या आघाताने वाडा खचला, हे स्पष्टीकरण म्हणूनच अपुरे वाटते.

राजवाडा आज संरक्षित स्मारक असून जिजाऊ जयंतीस येथे मोठा जनसमुदाय जमतो. ही श्रद्धा स्मारकाचे मोठे बळ आहे. परंतु एका जन्मघटनेच्या तेजात वास्तूची पुढील अडीच शतके झाकोळून जाऊ नयेत. डागडुजी करताना जुने व नवे बांधकाम स्पष्टपणे वेगळे ओळखू येईल, अशी दक्षता आवश्यक आहे. कल्पनेने पूर्ण केलेल्या महालापेक्षा खरे अवशेष अधिक विश्वसनीय असतात आणि अभ्यासकाला तेच उपयोगी पडतात.