जुनेराचा पोत

काल्हेरच्या आमच्या गॅलरीत दोरीवर चौदा लंगोट वाळताहेत. सगळे एकाच लुगड्यातले. माझ्या आईचं सुती नऊवारी, विसेक वर्षं तिच्या अंगावर आणि पुढं तितकीच ट्रंकेत. सुनेनं ते फाडायला घेतलं तेव्हा टर्र असा आवाजसुद्धा झाला नाही. इतकं विरलेलं जुनेर फाटत नाही, सुटत जातं.

माझी हयात भिवंडीत यंत्रमागाच्या कापडात गेली. ताका उलगडायचा, चिमटीत धरायचा, पोत सांगायचा. म्हणून नातवासाठी मी आधी मोठ्या हौसेनं पाच मीटर कोरा मांजरपाट आणला होता. मालिशवाल्या मावशींनी त्यावर ओंजळभर पाणी टाकलं. थेंब मण्यांसारखे घरंगळले.

"काका, हे पाणी पीत नाही, वर ठेवतंय."

कारण मला ठाऊक होतं, सुचलं मात्र नव्हतं. मागावर ताणा तुटू नये म्हणून सुताला खळ देतात, आणि कापसाच्या तंतूवर मुळातच मेणाचा पातळ थर असतो. दोन्ही गेल्याशिवाय सूत पाणी शोषत नाही. कोऱ्या कापडाला त्यासाठी उकळायचं, चोळायचं, पुन्हा पुन्हा धुवायचं. लुगड्याचं ते सगळं आईच्या हातून कधीच उरकलं होतं. भिवंडीत रात्रंदिवस नवं कापड निघतं, त्यातलं बरंचसं आता पॉलिएस्टर. पाळण्यातल्या गिऱ्हाइकाला मात्र जुनंच लागतं.

यातला एक लंगोट जवळून बघा. तिकोनी, टोकांना नाड्या, गाठ कुशीला. पुढची घडी बेंबीच्या खाली राहते, म्हणजे नाळ पडेपर्यंत तिथं ओल लागत नाही. काठ दुमडून शिवलेला नाही, कारण शिवणीची जाड कड कोवळ्या मांडीला रुतते. मग दशा सुटतात. सून त्या रोज कात्रीनं छाटते, कारण सुटा धागा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला की आवळत जातो. एका लंगोटाला लुगड्याची हिरवी किनार राहिली आहे. ती तिनं मुद्दाम ठेवली, असं मी धरून चाललो होतो. ती म्हणाली, "कापड पुरवायचं होतं, बाबा."

धुणं तिचंच. शी आधी थंड पाण्याच्या धारेखाली. गरम पाणी पहिलं पडलं की डाग पक्का बसतो. मग थोडं भिजवायचं, साबण बेताचा, आणि फेस जाईपर्यंत खळबळायचं. सूत कोरड्यापेक्षा ओलं असताना जास्त बळकट असतं, म्हणून एवढं विरलेलं कापडही पिळा सोसतं. आमचं बोअरचं पाणी जड. त्यात साबणाचा साका सुतात अडकतो नि कापड खरखरतं, म्हणून शेवटची बादली नळाची. मऊपणासाठी मिळणारं सुगंधी द्रव घरात येत नाही. ते सुतावर पुन्हा थर चढवतं, म्हणजे जुनेराचा परत कोरा मांजरपाट! धुणं जमलं की नाही, ते बाळ सांगतं. वाळलेला लंगोट स्वच्छच वाटतो. त्यानं ओला केल्याबरोबर उग्र झणका आला तर समजायचं, मागची शू सुतात राहिली होती.

मला सगळ्यात आवडतं ते ऊन. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीचा पिवळा डाग साबणाला दाद देत नाही, पण ओला लंगोट दुपारभर उन्हात राहिला की फिका होत नाहीसा होतो. तो पिवळेपणा बिलिरुबिनचा, आणि प्रकाशात त्याचं रूप बदलतं. कावीळ झालेल्या तान्ह्याला दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवतात, ते याचसाठी. पुढच्या रस्त्यावर मेट्रोचं काम आणि गोदामांचे ट्रक, तिथं धूळ. म्हणून दोरी मागच्या अंगाला. पावसाळ्यात आई शेगडीवर टोपली पालथी घालून दुपटी वाळवायची. सून इस्त्री फिरवते. आणि रात्री सरळ विकतचा डायपर. तिलाही झोप हवी.

लंगोट खरं तर पंधरा होते. परवा पिळताना एक मधोमध सुटला. सवयीनं चिमटीत धरून पाहिला. ताणा शाबूत होता, बाणा गेला होता. सुनेनं तो माझ्या हातातून घेतला आणि त्याचे लाळ पुसायला दोन तुकडे केले.