समजावून सांगण्याचे ओझे : बागुलांच्या एका कथेच्या निमित्ताने

शिंदखेडा येथील पदव्युत्तर वर्गात वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ (१९८७) या संग्रहातील ‘स्टेज’ ही कविता शिकवीत असता प्रस्तुत लेखकाच्या हातून एक प्रमाद घडला. वर्गात एक भिल्ल विद्यार्थी होता. कवितेचा आशय त्याने इतरांस उलगडून सांगावा, असे मी सुचविले. तो उभा राहिला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, “सर, कविता सगळ्यांनीच वाचली आहे.” व्यासपीठावरील मंडळी आदिवासींचे दुःख आदिवासींनाच ऐकवितात, ही त्या कवितेतील विसंगती. मी व्यासपीठ त्याच्या स्वाधीन केले खरे. परंतु त्यावरून काय बोलावे, हेही मीच ठरवून टाकले होते.

माझ्या सूचनेमागे एक सर्वमान्य समजूत होती. पूर्वग्रह अज्ञानातून उपजतो. म्हणून ज्यांच्याविषयी तो बाळगला जातो त्यांनीच इतरांचे अज्ञान दूर करावे, ही ती समजूत. दलित व आदिवासी वाङ्मयाविषयीच्या आपल्या समीक्षेतही ती खोल रुजली आहे. ‘अपरिचित जगाचे दर्शन घडविले’ हे या वाङ्मयाचे ठराविक कौतुक होय. कोणास अपरिचित, हे मात्र कोणी विचारीत नाही.

बाबुराव बागुल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील त्याच नावाची कथा ही समजूत कसोटीस लावते. तिचा निवेदक रेल्वेतील नोकरीसाठी उधना येथे जातो. जळगावहून निघून नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा व नंदुरबार ही स्थानके घेत जाणारा आपला लोहमार्ग तेथेच पोहोचतो, तेव्हा हे स्थळ खानदेशच्या वाचकास दूरचे नव्हे. निवेदक जात लपवितो. भोवतालची माणसे त्याची विद्वत्ता पाहतात; रामचरण तिवारी तर त्याच्या कवित्वावर लुब्ध होतो. म्हणजे परिचय घडतो, आदर उपजतो, जिव्हाळाही जडतो. पूर्वग्रह केवळ अज्ञानाचे अपत्य असता, तर जात उघड होताच या परिचयाने त्याच्यावर मात करावयास हवी होती. प्रत्यक्षात निवेदकास मार बसतो, आणि मारणारे त्याला चांगले ओळखणारेच असतात. पूर्वग्रहास माहिती कमी पडली नव्हती. त्याला जे राखावयाचे होते ते दुसरेच होते.

याहून मार्मिक भाग पुढेच आहे. जात न चोरणारा, बाणेदार काशीनाथ सकपाळ निवेदकाची सुटका करतो; पण मार खाल्लेला निवेदक त्या माराचा दोष मारणाऱ्यांवर न ठेवता मनूवर ठेवतो. याला औदार्य म्हणण्याचा प्रघात आहे. मला त्यात श्रमविभागणीची एक क्रूर तऱ्हा दिसते : मार खाण्याचे काम त्याचे, आणि मारणाऱ्यांची उपपत्ती मांडण्याचे कामही त्याचेच. काशीनाथ हे दुसरे काम पत्करीत नाही. बागुलांनी दोघांनाही शेजारी उभे केले आणि निवाडा दिला नाही, ही कथेची ताकद होय.

येथे आक्षेप संभवतो की डॉ. आंबेडकरांनी तर आयुष्यभर समजावूनच सांगितले. खरे आहे, पण १९३६ मधील लाहोरचा प्रसंग आठवावा. जातपात तोडक मंडळाने त्यांस अध्यक्ष म्हणून बोलाविले, लिखित भाषणातील मजकूर मंडळास मानवेना, आणि अधिवेशनच रद्द झाले. भाषण त्यांनी स्वखर्चाने प्रसिद्ध केले. गुरूने कोणता पाठ द्यावा हे शिष्यच ठरवू लागला, तर ते शिक्षण नव्हे. ती यजमानांची करमणूक. आंबेडकरांनी लिहिले ते स्वतःच्या अटींवर. शिकविणे हा अत्याचारितांचा अधिकार असू शकतो. त्यांच्यावर ते कर्तव्य लादण्याचा अधिकार आपणांस कोठून आला?

दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. त्यातील कथन दगडू मारुती पवार दया पवारांसच ऐकवितो. म्हणजे लेखक स्वतःशीच बोलतो. पांढरपेशा वाचक तेथे आमंत्रित श्रोता नाही, दाराआड उभा राहून ऐकणारा आहे. ‘आमच्यासाठी लिहिले’ असे मानून आपण ते वाचले, आणि काहींनी त्यातील तपशिलांची सत्यासत्यता तपासण्यातच धन्यता मानली. समीक्षेने तपासावयास हवे होते ते हे दाराआडचे स्थान.

पुढील वर्षी बागुलांच्या कथेवरील प्रश्न मी बदलला. ‘दलित जीवनाचे दर्शन’ हा विषय काढून टाकला, आणि तिवारीच्या मनातील पालट कथेत नेमका कोठे सुरू होतो, ते कथेतील पुराव्यांनिशी दाखवावे, असे सर्वांस सांगितले. बहुतेकांची उत्तरे आखूड आली. त्या भिल्ल विद्यार्थ्याचे उत्तर सर्वांत दीर्घ होते. त्यात भिल्लांविषयी एक अक्षर नव्हते. होते ते तिवारीविषयी.